फर्मेवाल्याचं अर्धं वाक्य

बूट बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याला सगळे फर्मेवाला म्हणत. फर्मा म्हणजे बुटाच्या पोटातला लाकडी पाय. आधी तो घडवायचा, मग त्याच्यावर चामडं ओढून, ठोकून, शिवून बूट उभा करायचा आणि शेवटी तो पाय काढून घ्यायचा. गिऱ्हाईक बूट बघतं, रंग बघतं, नाडी ओढून बघतं. आधी आत कोण राहून गेलं ते कुणी विचारत नाही. फर्मेवाल्याला हे काम मानवलं होतं ते यासाठीच. कानशीच्या खर्र-खर्र आवाजात माणूस दिवसभर गप्प राहिला तरी कुणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

गप्प राहण्याचं कारण जिभेत होतं. शब्द डोक्यात तयार असायचा, ओठांपर्यंत यायचाही, आणि ऐन उंबऱ्यावर फतकल मारून बसायचा. लहानपणी गल्लीतली पोरं त्याला किक्या म्हणायची. जुन्या स्कूटरला किका माराव्या लागतात तसं याचं वाक्य. यानं तोंड उघडायचा अवकाश, पोरं पाय आपटायला लागत. "मार किक! मार, मार... लागली, लागली... अरेरे, गेली बंद!" मग त्याची थोरली बहीण हाताला येईल ते घेऊन त्यांच्या मागं धावायची. ताईच्या हातात एकदा चप्पल असे, एकदा लाटणं, आणि एकदा तर धुणं वाळत घालताना उचललेली ओली चादर होती. त्या चादरीचा मार खाल्लेला एकजण अजून तिला रस्त्यात बघून पलीकडच्या बाजूला जातो.

घरात ताईनं वेगळा उपाय काढला. याचं वाक्य सुरू झालं की ते संपवायचं काम तिचं. पाहुण्यांनी नाव विचारलं, तिनं सांगितलं. कितवीत आहेस विचारलं, तिनं सांगितलं. दूरच्या एका मावशीला तर कितीतरी वर्षं वाटत होतं, पोरगा बिचारा मुकाच आहे.

मायेनं केलेलं होतं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण त्या मायेतून त्याला एक खोड लागली, आणि ती जिभेच्या अडचणीपेक्षा महाग पडली. ती खोड मानेची. समोरच्यानं आपलं वाक्य पुरं केलं की हा मान डोलवायचा. बरोबर पुरं केलं तरी डोलवायचा आणि चूक केलं तरी. कारण 'नाही, तसं नाही' म्हणायचं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून किक मारणं आलं. त्यापेक्षा मान स्वस्त.

त्या मानेपायी त्यानं काय काय सोसलं! न्हावी विचारायचा, "बारीक ना?" हा मान डोलवायचा, आणि वर्षानुवर्षं डोक्यावर तुरुंगातून सुटल्यासारखे केस घेऊन हिंडायचा. घराला रंग द्यायला माणूस आला, त्याला फिकट पिवळा सांगायला गेला आणि भिंती पोपटी झाल्या. बायकोनं भिंतींकडे बघितलं, मग याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रंगाऱ्यानं विचारलं आणि तुम्ही मान हलवलीत. हो ना?" यानं मान हलवली.

बायकोही तशीच मिळाली, असं ती स्वतःच सांगते. दोघं तेव्हा नुकते ओळखीचे झाले होते. पाऊलवाटेनं चालता चालता हा म्हणाला, "आ-आपण आता ल... ल..." आणि ती पटकन म्हणाली, "लग्न करूया? चालेल की!" याची मान डोलली. एवढी एकच मान सरळ पडली म्हणायची. ती अजून अधूनमधून विचारते, "खरं सांगा, तेव्हा काय म्हणायचं होतं?" तो सांगतो, "ल-लवकर निघूया. ढ-ढग आलेत." मग दोघं पोट धरून हसतात.

तर असा हा माणूस. आणि त्याला एक दिवस बुटाबद्दल बोलायचं होतं.

बूट सुचला तो ताईच्या पायांवरून. ताई कापडाच्या दुकानात काउंटरमागं उभी असते. तरुणपणापासून उभीच आहे. गिऱ्हाईक बसलेलं, ताई उभी. गिऱ्हाईक हुज्जत घालतंय, ताई उभी. एकदा हा तिला न्यायला दुकानात गेला, तर ताई काउंटरमागं बूट काढून पुठ्ठ्याच्या तुकड्यावर उभी. वरून नीटनेटकी साडी, चेहऱ्यावर हसू आणि खाली अनवाणी पाय.

"हे क-काय?"

"दुपार उलटली की पाय बुटात मावत नाहीत रे. सकाळी घातले तेव्हा नीट होते. दुकानातल्या सगळ्याच बायकांचं तेच."

त्यानं तिचे पाय सकाळी मोजले, संध्याकाळी मोजले. मग शेजारणींचे मोजले. शेजारणींना आधी वाटलं, ताईच्या भावाचं डोकं फिरलं. मग एकीला तिच्या नवऱ्यानं इतक्या वर्षांत पायाकडे नजरही टाकली नव्हती हे आठवलं, आणि ती आपणहून दुसरा पायही पुढं करून बसली. एवढ्या मापांतून त्यानं नवा फर्मा घडवला. टाचेला घट्ट, घोट्याला नेमका, पण पुढं बोटांपाशी ऐसपैस, दिवसभर उभ्या माणसाच्या संध्याकाळच्या पायाचा. आजवर त्यानं दुसऱ्यांच्या चित्रांवरून फर्मे घडवले होते. हा पहिला त्याचा स्वतःचा.

आता कारखान्याची एक रीत होती. नवा नमुना पास व्हायचा तो सकाळच्या बैठकीत. पडदा नाही, फोटो नाहीत, कागद वाटणं नाही. कारखाना चालवणारे थोरले साहेब म्हणायचे, "दुकानात गिऱ्हाइकापुढं पडदा लावता का? बूट हातात घ्या आणि बोला." तेव्हा नमुना हातात घेऊन उभं राहायचं, बोलायचं आणि मग तो नमुनाबाईंच्या पायात घालायचा. नमुनाबाई म्हणजे हिशेबखात्यातल्या एक बाई. त्यांचं पाऊल बरोबर सात नंबरी, ना तिळभर कमी ना जास्त. कारखान्यातला प्रत्येक लेडीज बूट आधी त्यांच्या पायात जायचा. त्या दोन पावलं चालून निकाल द्यायच्या. साहेबसुद्धा त्यांच्या पावलाला मान देऊन होते.

खात्याचे हेडसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "तू कशाला जिवाला घोर लावून घेतोस? नमुना तुझा, बोलतो मी. आजवर मीच बोलत आलोय ना?"

तेच तर होतं. मागं एकदा याच्या एका सूचनेबद्दल हेडसाहेब बोलले होते. थोरल्या साहेबांनी मधेच दुसरं काही सुचवलं, हेडसाहेब "हो साहेब, तेही चालेल" म्हणाले, आणि बाहेर आला तो भलताच बूट. त्यात हेडसाहेबांचा तरी काय दोष? बूट त्यांच्या पोटातून आला नव्हता, तर त्यांचं पोट कशाला तुटेल?

"म-मीच ब-बोलीन," हा म्हणाला.

हेडसाहेब "बघ बुवा," एवढंच म्हणाले.

घरी तालीम सुरू झाली. एकटा असताना तो कधीच अडखळायचा नाही. न्हाणीघरात दार लावून बुटाला हातात धरून तो असा घडाघडा बोलायचा, की बाहेर बायको कान देऊन ऐकत राही. दार उघडलं की संपलं. ताई आली तेव्हा तिनं ऐकून घेतलं आणि तोडगा सांगितला.

"गाताना कुठं अडतोस तू? गाऊनच सांग की."

"ब-ब-बुटावर गाणं?"

"मग काय झालं! नाहीतर मी येते. मी उभी राहते बाजूला. तू नुसता बूट धर."

"वन्सं," बायको म्हणाली, "बूट धरायला खुंटी पण चालते."

ताईला ते लागलं. ती कप विसळायला उठून गेली. बराच वेळ एकच कप विसळत होती. मग तिकडूनच म्हणाली, "मी काय त्याचं वाईट व्हावं म्हणून बोलायचे का गं?" बायको म्हणाली, "तसं कुठं म्हटलं मी?" आणि फडकं घेऊन तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

बैठकीच्या दिवशी लांब टेबलाच्या त्या टोकाला थोरले साहेब, त्यांच्या उजव्या हाताला विक्री बघणाऱ्या मॅडम, मग हेडसाहेब आणि नमुना घेऊन आलेले आणखी दोघं-चौघं. नमुनाबाई खिडकीपाशी खुर्चीत, एक पाय मोकळा करून बसलेल्या. फर्मेवाल्याची पाळी आली. तो बूट हातात घेऊन उभा राहिला.

पहिलं वाक्य बरं गेलं. दुसऱ्याला जीभ अडली. थोरले साहेब मऊ आवाजात म्हणाले, "सावकाश, सावकाश. पाणी घ्या थोडं." कुणीतरी पेला पुढं केला. अडखळणाऱ्या माणसाला लोक जन्मभर पाणी पाजत असतात. जणू शब्द घशात वाळून बसलाय. तो पाणी प्याला. पाण्यानं कधी काही झालं नव्हतं, तेव्हाही झालं नाही.

थोरले साहेब उग्र असते तर बरं झालं असतं. उग्र माणसाला विरोध करायला जिभेला रागाचं तरी बळ मिळतं. मायाळू माणसापुढं ती दुप्पट जड होते.

नमुनाबाईंनी बूट घातला. दोन पावलं गेल्या, वळल्या, परत आल्या.

"ढिला आहे," त्या म्हणाल्या. "टाच छान बसलीय. पण पुढं बोटं नाचताहेत माझी."

"त्या-त्याचं कारण आहे," फर्मेवाला म्हणाला. "दि-दिवसभर उभं राहिलं की सं-संध्याकाळी पाय स... स... स..."

शब्द होता सुजतात. साधा. तो ओठांमागं येऊन बसला आणि हलेना. खोलीत शांतता पसरली. ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीची होती. अडलेल्या माणसाला तिचा जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त समोरच्यांना होतो. कुणी नखं बघतं, कुणी छताकडे बघतं, आणि कुणीतरी एकजण न राहवून मदतीला धावतोच.

थोरले साहेब धावले.

"शिणतात! अगदी खरं आहे. दिवसभर उभं राहून पाय शिणतात, दुखतात. लाखातलं बोललात. पण त्यासाठी बूट ढिला कशाला? आत जाड गादी घालू. मऊ, लुसलुशीत. जुन्याच फर्म्यावर बूट करा, आत गादी द्या. आराम तोच आणि नवा फर्माही नको. काय?"

"आणि गादीवाला बूट विकणं सोपं," मॅडम म्हणाल्या. "दुकानात बाईनं पाय घातला की लगेच मऊ लागतं."

"मग झालं तर. बरोबर ना, फर्मेवाले?"

आणि फर्मेवाल्याची मान डोलली.

त्यानं डोलवली नाही, ती आपणहून डोलली. लहानपणापासून डोलत आलेली मान ती. साहेब खूश झाले. मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. "छान. पुढचा नमुना आणा," साहेब म्हणाले. पुढच्या नमुन्याचा माणूस उठून उभा राहिला.

फर्मेवाल्यानं नमुनाबाईंच्या हातातून आपला बूट घेतला आणि तो खुर्चीकडे निघाला. निघता निघता त्याचा अंगठा बुटात गेला. त्या मोकळ्या जागेत, जिथं आता गादी भरायची होती. जुना फर्मा आधीच अरुंद. त्यात खाली जाड गादी म्हणजे वरून आणखी आवळणार. सकाळी लोण्यासारखा लागणारा तो बूट दुपार उलटल्यावर ताईच्या पायाला अडकित्त्यासारखा धरणार होता. आणि मऊ आहे म्हणून दुकानातून हौसेनं उचलला जाणार तोच.

हेडसाहेबांनी मागं मान डोलवली होती म्हणून तो त्यांच्यावर कितीतरी दिवस मनातल्या मनात चिडून होता. आज त्यांनी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. आज त्यानं स्वतःचा बूट स्वतःच्या मानेनं मारला होता.

खुर्ची आली. तो बसला नाही.

"ना... ना... ना..."

सगळ्यांनी वळून बघितलं. उभा राहिलेला दुसरा माणूस नमुना हातात धरून तसाच थबकला.

"काय, काही राहिलं का सांगायचं?" साहेब म्हणाले.

"म-मी हो म्हटलं. ते चु-चुकलं. मला ते म-म्हणायचं नव्हतं."

"असं? मग तुम्हाला म्हणायचं होतं, गादी पातळ—"

फर्मेवाल्यानं हात वर केला. वाहतूक अडवतात तसा, पंजा उघडा. थोरल्या साहेबांपुढं त्या कारखान्यात आजवर कुणी असा पंजा धरला नव्हता. हेडसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"स-साहेब, माफ करा. पण मला सं-संपवू द्या. वे-वेळ लागेल."

साहेबांनी तोंड मिटलं. मागं टेकून बसले.

तो पुन्हा त्या वाक्याशी आला. संध्याकाळी पाय. पुढं तोच शब्द, तिथंच बसलेला. आडवाटा होत्या. आयुष्यभर तो आडवाटांनीच चालत आला होता. एक शब्द अडला की दुसरा घ्यायचा, दुसरा अडला की तिसरा. कॉफी अडली की चहा मागायचा. पण आडवाटेला वळायचं तर क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात तिथं कुणीतरी बोट धरायला हजर असतं. आज त्याला कुणाचं बोट नको होतं. तो त्याच शब्दापाशी उभा राहिला.

"स... स... स..."

मानेची शीर ताठली. एक डोळा मिटला गेला. आरशात त्यानं स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं, पण इतरांच्या चेहऱ्यांवरून त्याला माहीत होतं आपण कसे दिसतो ते. दिसू दे म्हटलं. मॅडम नखं बघत होत्या. साहेबांचे ओठ हलले, त्यांनी ते दाताखाली दाबून धरले. शब्द देऊन टाकायची त्यांची किती तगमग होतेय ते लांबूनही कळत होतं. मदत न करणं हेच त्या माणसाला त्या घटकेला सगळ्यात जड जात होतं.

"...सुजतात."

आणि मग बाकीचं आलं. तुटत, अडत, मागं जाऊन पुन्हा येत, पण आलं. की पाय दमतो ते वेगळं आणि वाढतो ते वेगळं. दमलेल्या पायाला गादी चालते, वाढलेल्याला जागाच लागते. नमुनाबाईंचं म्हणणं खरं आहे, आत्ता बूट ढिलाच आहे. पण आपण नमुने सकाळी घालून बघतो, आणि नमुनाबाई दिवसभर खुर्चीत असतात. हा बूट त्यांच्यासाठी नाहीच.

"अगंबाई," नमुनाबाई म्हणाल्या आणि आपल्या पायाकडे बघू लागल्या. मग हसून म्हणाल्या, "खरंय की. माझ्या पायांना कसले कष्ट!"

"पण दुकानात बाई सकाळी आली," मॅडम म्हणाल्या, "तिला ढिला वाटला, तर ती नाही घेणार. तुमचं सगळं खरं असलं तरी बूट फळीवर राहील. त्याचं काय?"

हा प्रश्न न्हाणीघरात कधी आला नव्हता.

"ते म-मला माहीत नाही," तो म्हणाला. "त्यातलं तु-तुम्हाला कळतं. मला प-पायांतलं."

मॅडमना हे आवडलं नाही, की आवडलं, ते चेहऱ्यावरून कळेना. थोरले साहेब टेबलावर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "आपल्याकडे पॅकिंगच्या हॉलमधल्या बायका दिवसभर उभ्या असतात. आज संध्याकाळी सुटायच्या आधी त्यांच्या पायांत घालून बघू. एकीकडे जुन्या फर्म्याचा गादीवाला, एकीकडे हा. त्या म्हणतील तसं. तोवर ना हो, ना नाही."

"मी सांगतो त्यांना काय करायचं ते," हेडसाहेब सवयीनं उठत म्हणाले.

"मी," फर्मेवाला म्हणाला. इतका पटकन, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. पुढचं मात्र नेहमीसारखंच आलं. "म-म-माझा बूट आहे."

संध्याकाळी पॅकिंगच्या हॉलमध्ये सरकते पट्टे बंद झाले. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास, वर भगभगीत दिवे आणि बायकांचा किलबिलाट. कुणाला भाजी घ्यायची होती, कुणाला पोरीला आणायचं होतं. फर्मेवाला एका हातात दुपारी जुन्या बुटात गादी घालून घेतलेला आणि दुसऱ्या हातात आपला, असे दोन बूट घेऊन उभा राहिला, दोन्हींचे जोडीदार पायाशी खोक्यात. दाराशी साहेब आणि मॅडम.

"आज दु-दुपारपासून तुमचे प... प..."

बोलणं थांबलं. सगळ्या त्याच्याकडे बघायला लागल्या. त्याला वाटलं, आता कुणीतरी पुढं होणार. पुढं झालीसुद्धा एक, ठसठशीत कुंकवाची, टेप चिकटवायचं यंत्र हातात धरलेली.

"होऊ द्या हो सावकाश," ती म्हणाली. "आम्हाला काय, उभं राहायची सवय आहे."

हॉलभर हशा पिकला. फर्मेवालाही हसला, आणि हसून झाल्यावर पुन्हा त्याच शब्दापासून सुरू झाला. कुणी तो पुरा केला नाही. एक बाई पायातली चप्पल सरकवून पाऊल मोकळं करून उभी राहिली होती. शब्द येईपर्यंत ती बोटं पसरून, आवळून बघत होती. सगळं सांगून झालं तेव्हा तिनंच आधी गादीवाला बूट घेतला. पाय अर्ध्यावर अडला. तिनं टाच ठोकली, तोंड वाकडं केलं आणि काढून ठेवला.

मग फर्मेवाल्याचा घातला. चालली. खोक्यांच्या रांगेपर्यंत गेली, परत आली.

"कसा आहे?" दारातून साहेबांनी विचारलं.

बाई पुन्हा एकदा चालून आली.

"हा राहू दे पायात," ती म्हणाली. "बसपर्यंत जाऊन बघते. उद्या सांगते."

साहेबांनी फर्मेवाल्याकडे बघितलं. त्याची मान डोलायला निघाली होती. त्यानं ती धरली, आणि तोंडानं म्हणाला, "चा-चालेल. एकाच प-पायात नको, जोडीतला दुसराही घेऊन जा."